बर्फाने पाडलेला महापौर

काही वर्षांपूर्वी मी माझ्या भाचीकडे शिकागोला महिनाभर राहिलो होतो. ऐन जानेवारीचे दिवस. एका पहाटे रस्त्यावर मोठी घरघर ऐकू आली म्हणून पडदा सारून पाहिलं, तर बर्फ बाजूला सारणारी गाडी चालली होती. आमचे भाचेजावई चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, "मामा, ही गाडी आली नाही तर इथला महापौर घरी जातो." मला वाटलं, थट्टा करताहेत. पुढे त्या शहराचा इतिहास वाचला तेव्हा कळलं, थट्टा नव्हती.

आपल्याकडे महापौर नगरसेवक निवडतात आणि प्रत्यक्ष कारभार आयुक्तांच्या हाती असतो. शिकागोत महापौराला थेट लोक निवडून देतात, चार वर्षांसाठी. पोलीसप्रमुख कोण, कोणत्या खात्याचा प्रमुख कोण, हे तो ठरवतो. त्यामुळे त्या खुर्चीभोवती पहिल्यापासून माणसांची गर्दी. १८९३ साली स्वामी विवेकानंदांनी ज्या शिकागोत भाषण केलं, त्या शहराचे तेव्हाचे महापौर होते कार्टर हॅरिसन. स्वामीजींच्या भाषणानंतर दीड महिन्यानं, २८ ऑक्टोबरला, एका तरुणानं हॅरिसन यांच्या घरी जाऊन त्यांना गोळ्या घातल्या. निवडणुकीत आपण यांच्यासाठी राबलो, तेव्हा आपल्याला महापालिकेच्या वकिलाचं पद मिळणारच, असं त्याच्या डोक्यानं घेतलं होतं. माणूस भ्रमिष्ट होता हे खरं. पण त्याचा भ्रम मात्र अगदी शिकागोचा होता! राबलेल्याला नोकरी, हा तिथला रिवाजच.

या रिवाजाचं पक्कं यंत्र बांधलं ते अँटन सर्माक यांनी. बोहेमियात जन्मलेला, लहानपणी अमेरिकेत आलेला हा माणूस. १९३१च्या निवडणुकीत महापौर 'बिग बिल' थॉम्पसन यांनी त्यांच्या परदेशी नावाची टिंगल केली. सर्माक म्हणाले, मी 'मेफ्लॉवर' जहाजातून आलो नाही हे खरं, पण जमेल तितक्या लवकर आलो. शहर अशाच बाहेरून आलेल्यांनी भरलेलं होतं. थॉम्पसन हरले, आणि त्यांच्यानंतर आजवर एकही रिपब्लिकन महापौर झालेला नाही. सर्माक मात्र दोनच वर्षांत गेले. मायामीत रुझवेल्ट यांच्यावर झाडलेली गोळी त्यांना लागली.

पुढे १९५५ ते १९७६ रिचर्ड डेली. सलग सहा निवडणुका जिंकलेला माणूस. गल्लीगल्लीत पक्षाचा एक कार्यकर्ता, प्रत्येक घर त्याच्या ओळखीचं. कचऱ्याचा डबा फुटला, पोराला नोकरी हवी, त्याला सांगायचं. मतदानाच्या दिवशी तो दार वाजवणार. त्या काळी डेमोक्रॅटिक पक्षाची अंतर्गत निवडणूक जिंकली की महापौरपद खिशात, असा हिशेब होता.

डेलींच्या निधनानंतर मायकेल बिलँडिक आले. १९७९च्या जानेवारीत आधीच्या बर्फावर आणखी वीसेक इंच बर्फ पडला आणि शहर ठप्प झालं. त्यातच गाड्या वेळेवर धावाव्यात म्हणून लोकल काही स्थानकांवर न थांबता जाऊ लागल्या. ही स्थानकं होती प्रामुख्यानं कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतली. कडाक्याच्या थंडीत फलाटावर कुडकुडणाऱ्या माणसासमोरून त्याच्या हक्काची गाडी निघून जाते, हे लोक कसं विसरतील? वर्षानुवर्षं यंत्राला मुकाट मत देणाऱ्या या वस्त्या फेब्रुवारीत उलटल्या. बिलँडिक यांनीच पदावरून काढलेल्या जेन बर्न थोड्या मतांनी जिंकल्या आणि शिकागोच्या पहिल्या महिला महापौर झाल्या.

खरी परीक्षा झाली १९८३ साली. बर्न यांनीही कृष्णवर्णीय वस्त्यांची निराशा केली होती. तिथल्या लोकांनी १९८२मध्ये घरोघर फिरून लाखाहून अधिक नवे मतदार नोंदवले, आणि मग काँग्रेस सदस्य हॅरल्ड वॉशिंग्टन यांना उभं केलं. पक्षांतर्गत लढतीत बर्न आणि डेलींचे चिरंजीव यांच्यात गोऱ्यांची मतं विभागली. वॉशिंग्टन सुमारे ३६ टक्क्यांवर जिंकले. आता खरं तर काम संपायला हवं होतं. पण डेमोक्रॅट नेत्यांपैकी कित्येकांना एकाएकी रिपब्लिकन उमेदवार बर्नार्ड एप्टन आवडू लागले! एप्टन यांची घोषणा होती, 'वेळ निघून जाण्यापूर्वी'. कसली वेळ, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं. वॉशिंग्टन यांना विवरणपत्रं न भरल्याबद्दल पूर्वी काही आठवडे तुरुंगवास झाला होता, तोही उगाळला गेला. तो दोष खराच होता, तो झाकण्यात अर्थ नाही. पण माजी उपाध्यक्ष माँडेल यांच्यासह ते एका चर्चमध्ये गेले, तेव्हा बाहेर शिव्या देणारा जमाव आणि चर्चच्या दारावर वर्णद्वेषी मजकूर, याचा करभरणीशी काय संबंध?

१२ एप्रिलला ८० टक्क्यांहून अधिक मतदान झालं. बारा लाखांवर मतांत वॉशिंग्टन सुमारे ४८ हजारांनी जिंकले.

खुर्ची मिळाली, सत्ता नाही. पन्नासपैकी २९ नगरसेवकांनी गट बांधून त्यांच्या नेमणुका अडवून धरल्या. तीन वर्षं हा तमाशा चालला. अखेर न्यायालयाच्या आदेशानं काही वॉर्डांच्या सीमा बदलल्या, १९८६मध्ये तिथे फेरनिवडणुका झाल्या, बळ २५-२५ झालं आणि निर्णायक मत महापौरांचं. १९८७मध्ये ते पुन्हा निवडून आले. सात महिन्यांनी, २५ नोव्हेंबरला, कार्यालयातच हृदयविकारानं गेले. आठवडाभरानं उत्तराधिकारी निवडला गेला तो पहाटे चारच्या सुमारास, बाहेर हजारोंचा जमाव निषेधाच्या घोषणा देत असताना. १९८९मध्ये धाकटे डेली आले ते २०११पर्यंत राहिले.

१९९९पासून पक्षचिन्हाविना निवडणूक होते आणि कुणालाच निम्म्याहून अधिक मतं मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी. त्या नियमाखाली २०१९मध्ये लोरी लाइटफूट यांनी पन्नासच्या पन्नास वॉर्ड जिंकले, आणि २०२३मध्ये त्याच दुसऱ्या फेरीपर्यंतही पोहोचल्या नाहीत.

बिलँडिक यांचं पुढे काही वाईट झालं नाही. ते इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले, काही काळ मुख्य न्यायाधीशही होते. पण आमच्या भाचेजावयांना हे ठाऊक नव्हतं. त्यांना बर्फाची गोष्ट तेवढी ठाऊक होती, आणि ती सांगणारा शेजारी त्या सकाळी फावडं घेऊन आपल्या मोटारीभोवतीचा बर्फ उपसत होता.