साथीदारांचा ताफा

मैफलीस गेलेला श्रोता घरीं परततो तो गायकाचें नांव घेऊन. सारंगीवर कोण होतें, ठेका कोणाचा होता, असें त्यास विचारलें तर तो क्षणभर घोटाळतो आणि ‘होतें कोणी तरी’ म्हणून मोकळा होतो. ही रीत आपल्याकडेच आहे असें नाहीं. अमेरिकेंतील लोकप्रिय संगीतांतहि पुढें उभा राहून गाणारा एक आणि त्याच्या मागें पोटासाठीं वाजविणारे चार-पांच, हीच व्यवस्था पुष्कळ काळ होती. अशा मागच्या रांगेंतल्या पांच जणांनीं आपला स्वतंत्र ताफा उभारला, आणि त्यास नांव देण्याची वेळ आली तेव्हां नुसतें ‘द बँड’, म्हणजे ‘वाजविणारी मंडळी’, एवढेंच ठेवलें. त्यांची हकीकत सांगण्याचा येथें विचार आहे.

आरंभ रॉनी हॉकिन्स नांवाच्या गवयापासून होतो. हा आर्कान्सॉ संस्थानचा. १९५८ सालीं तो कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतांत गेला आणि तेथील मद्यगृहांत व नाचघरांत त्याचा चांगला जम बसला. त्याच्याबरोबर लेव्हॉन हेल्म हा आर्कान्सॉच्या कापसाच्या शेतांत वाढलेला पोरगा ड्रम वाजवीत असे. बाकीचे अमेरिकन सोबती एकेक करून मायदेशीं परतले, तेव्हां हॉकिन्सनें त्यांच्या जागीं ऑन्टॅरिओमधलेच तरुण घेतले. गिटारवर रॉबी रॉबर्टसन, बास-गिटारवर रिक डँको, पियानोवर रिचर्ड मॅन्युएल. आणि सर्वांच्या शेवटीं, १९६१ सालीं, ऑर्गनवर गार्थ हडसन. हडसनचें शिक्षण शास्त्रोक्त झालें होतें. मुलानें नाचघरांत वाजवावें हें घरच्यांस रुचेना. तेव्हां अशी तोड निघाली कीं, हडसननें इतरांस संगीत शिकवावें आणि प्रत्येकानें त्याबद्दल त्यास आठवड्यास १० डॉलर द्यावे. मुलगा शिक्षक झाला, असें घरीं सांगतां आलें!

हॉकिन्स कडक मालक होता. खेळ संपून गिऱ्हाईक घरीं गेलें कीं त्याच रिकाम्या नाचघरांत तो तालीम घेई. शिस्त मोडणारास दंड करी. पण ह्या जाचांतूनच पांच जणांचे कान एकमेकांस लागले. गाणारा मध्येंच थांबला किंवा मद्यगृहांत मारामारी जुंपली, तरी ठेका सुटूं द्यायचा नाहीं, ही विद्या पुस्तकांत मिळत नाहीं.

१९६४ च्या सुमारास ते हॉकिन्सपासून वेगळे झाले. हेल्म सर्वांत जुना, म्हणून पुढारीपण त्याच्याकडे आलें. पुढच्याच वर्षीं बॉब डिलनची गांठ पडली. साध्या गिटारवर समाजस्थितीचीं गीतें गाणारा डिलन तरुणांचें दैवत झालेला होता. पुढें २०१६ सालीं त्यास साहित्याचें नोबेल पारितोषिकहि मिळालें. ह्या कवीनें १९६५ सालीं विजेचीं वाद्यें जवळ केलीं आणि साथीस ही मंडळी घेतली. मग गांवोगांवीं एक विलक्षण प्रकार घडूं लागला. पूर्वार्धांत डिलन एकटा गाई तेव्हां सभागृह शांत असे. उत्तरार्धांत मंडळी मंचावर आली कीं पैसे मोजून आलेले श्रोतेच हुर्यो करीत. हेल्मला तें सोसेना. नोव्हेंबरांत तो निघून गेला आणि मेक्सिकोच्या आखातांतील तेलाच्या विहिरीवर मजुरी करूं लागला. बाकीचे चौघे टिकले. १७ मे १९६६ रोजीं मँचेस्टर येथें एका श्रोत्यानें डिलनला ख्रिस्ताचा घात करणाऱ्या ज्यूडासच्या नांवानें हांक मारली. ती हांक ध्वनिफितीवर राहिली आहे. तिच्यामागून जें वाजलें तेंहि राहिलें आहे. त्या चौघांस नांव घेऊन शिवी देण्याइतकीसुद्धां त्यांची कोणास ओळख नव्हती. परंतु त्या रात्रीं माघार घेतली गेली नाहीं, ती त्यांच्याहि हातांमुळें.

जुलै १९६६ मध्यें डिलनला मोटार-सायकलीचा अपघात झाला आणि दौरे थांबले. मंडळींचा पगार मात्र चालू राहिला. १९६७ च्या आरंभीं त्यांच्यापैकीं तिघांनीं न्यूयॉर्क संस्थानांत, वुडस्टॉकजवळ वेस्ट सॉगर्टीज येथें एक गुलाबी रंगाचें घर भाड्यानें घेतलें. ज्यांचें तारुण्य मोटारींत आणि परक्या खोल्यांत गेलें, त्यांस प्रथमच बूड टेकायला जागा मिळाली. डिलन तेथें येई, टंकलेखन-यंत्रावर कवनें रची, आणि मग सर्व जण तळघरांत उतरून जुनीं लोकगीतें, ख्रिस्ती भजनें, नवीं रचलेलीं गाणीं, थट्टेचीं गाणीं, जें सुचेल तें गात. ध्वनिलेखनाचें यंत्र हडसन सांभाळी. शंभरांहून अधिक गाणीं अशीं टिपलीं गेलीं. तो सर्व सांठा २०१४ सालीं सहा तबकड्यांत प्रसिद्ध झाला.

ह्याच तळघरांत बंगालचे बाउलहि गाऊन गेले. वुडस्टॉकला पाहुणे असलेल्या ह्या बाउलांचें गाणें हडसननें ध्वनिमुद्रित केलें. त्यांतील पूर्णदास आणि लक्ष्मणदास डिलनच्या ‘जॉन वेस्ली हार्डिंग’ ह्या १९६७ च्या तबकडीच्या वेष्टनावर त्याच्या दोन्ही बाजूंस उभे दिसतात. एकतारी घेऊन हिंडणाऱ्यांनीं मोटारींतून हिंडलेल्यांच्या घरीं उतरावें, हा योग आम्हांस मोठा मौजेचा वाटतो.

शरदांत हेल्म परत आला, आणि १ जुलै १९६८ रोजीं त्यांची पहिली स्वतंत्र तबकडी, ‘म्यूझिक फ्रॉम बिग पिंक’, बाहेर पडली. त्या काळच्या रॉक-संगीतांत गिटारीचा कर्कश गडगडाट आणि अर्ध्या-अर्ध्या तासाचें एकट्याचें वादन यांची चलती होती. ह्यांनीं वेगळीच वाट धरली. गाणीं आटोपशीर, गाणारे तीन, हेल्म, डँको आणि मॅन्युएल, एकानें ओळ उचलावी, दुसऱ्यानें मध्येंच हातीं घ्यावी, तिसऱ्यानें वरच्या सुरांत सावरून धरावी. वाद्यांचीहि अदलाबदल चाले. हेल्मनें मँडोलिन घेतलें कीं मॅन्युएल ड्रमवर बसे. कोणीहि पुढें सरसावत नाहीं. आम्हांस वाटतें, जन्मभर दुसऱ्याची साथ केलेल्यांसच हें साधतें. आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. वडील पिढीवर विश्वास ठेवूं नये, असें तरुण लोक उघड म्हणत होते त्या सालीं ह्यांनीं वेष्टनाच्या आंत आपल्या आजीआजोबांसह सगळ्या गोतावळ्याचें छायाचित्र छापलें. विलायतेंतला प्रख्यात गिटारवादक एरिक क्लॅप्टन यानें पुढें सांगितलें कीं, ही तबकडी ऐकून त्यास स्वतःच्या गाजत्या ताफ्याचा वीट आला.

पण कीर्ति आली तशी नांवाची पंचाईतहि आली. १९६९ च्या दुसऱ्या तबकडींत बारा गाणीं आहेत. कर्ता म्हणून बाराहि गाण्यांवर रॉबर्टसनचें नांव आहे. तीनांत जोडीस मॅन्युएल, एकांत हेल्म. दक्षिणेच्या पराभवाचें प्रसिद्ध गीत हेल्मनें गाइलें. त्या इतिहासासाठीं आपण रॉबर्टसनला ग्रंथालयांत नेलें होतें, असें हेल्म आपल्या १९९३ च्या आत्मचरित्रांत सांगतो. गाणें सर्वांनीं मिळून घडविलें, पैसा मात्र एकाकडे गेला, ही त्याची तक्रार. उलट रॉबर्टसनचें म्हणणें असें कीं, लिहावयास बसणारा तो एकटाच उरला होता. इतरांस व्यसनांनीं ग्रासलें होतें. दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे. कायद्यास शब्द समजतात, चाल समजते. हेल्मच्या ठेक्यांतली ती ओढ, जिच्यावांचून शब्द कोरडे पडले असते, ती कायद्याच्या कागदावर कशी उतरावी? परंतु मॅन्युएलसारख्या गुणी मनुष्याची लेखणी थांबली, तिचा दोष रॉबर्टसनच्या माथीं मारणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

२५ नोव्हेंबर १९७६ रोजीं सॅन फ्रॅन्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहांत निरोपाचा जलसा झाला. पाहुण्यांत पहिला मान रॉनी हॉकिन्सचा होता, हें योग्यच झालें. मार्टिन स्कॉर्सेसी यांचा त्यावरील चित्रपट १९७८ सालीं निघाला. त्यांत रॉबर्टसनच सारखा पुढें दिसतो, असें हेल्मला जन्मभर सलत राहिलें.

१९८३ पासून रॉबर्टसनवांचून बाकीचे पुन्हां लहान लहान सभागृहांत वाजवूं लागले. मार्च १९८६ मध्यें फ्लॉरिडांत एका कार्यक्रमानंतर मॅन्युएलनें उतरण्याच्या खोलींत आत्महत्या केली. डँको १९९९ सालीं वारला. हेल्मला घशाचा कर्करोग झाला, आवाज गेला, आणि हळूहळू थोडा परत आला. दवाखान्याचें देणें फेडण्यासाठीं तो वुडस्टॉकच्या आपल्या कोठारांत श्रोते बोलावून गाऊं लागला. एप्रिल २०१२ मध्यें तो अंथरुणास खिळला असतां रॉबर्टसन रुग्णालयांत येऊन त्याच्याजवळ बसून गेला. रॉबर्टसन २०२३ च्या ऑगस्टांत गेला. मागें राहिला हडसन, साथीदारांतलाहि सर्वांत मागें बसणारा, बहुधा गप्पच असणारा. २१ जानेवारी २०२५ रोजीं वुडस्टॉक येथें, वयाच्या ८७ व्या वर्षीं, तोहि गेला.