केसांतील कॉर्टिसॉलमापन

केसांतील कॉर्टिसॉलमापन : डोक्याच्या केसांत साठलेले कॉर्टिसॉल हे संप्रेरक मोजून मागील काही महिन्यांतील ताणाचा अंदाज घेण्याची पद्धत. शेतीवर अवलंबून असलेल्या मराठवाड्यासारख्या प्रदेशात ताण महिनोन् महिने टिकतो. त्यामुळे इथे या पद्धतीचे महत्त्व आणि तिच्या मर्यादा दोन्ही जाणून घ्यायला हव्यात.

पार्श्वभूमी : ताण आला की मेंदूकडून निघालेल्या संदेशामुळे मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल स्रवतात. रक्तातील व लाळेतील त्याचे प्रमाण दिवसभर बदलते. सकाळी ते सर्वाधिक असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. सुईच्या धास्तीनेही ते वाढू शकते. त्यामुळे एका नमुन्यावरून दीर्घकाळच्या ताणाबद्दल फारसे कळत नाही. केस वाढत असताना मुळाशी असलेल्या रक्तपुरवठ्यातून कॉर्टिसॉल त्यात उतरते आणि मुरून राहते. क्लेमेन्स किर्शबाउम व सहकाऱ्यांनी 2009 मध्ये बाळंतिणींच्या केसांवरून गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांतील कॉर्टिसॉलची वाढ दाखवली. 2010 मध्ये पेरूतील प्राचीन मानवी अवशेषांच्या केसांतही ते मोजले गेले.

कार्यपद्धती : डोक्याच्या मागच्या वरच्या भागातून केसांची बारीक बट दोऱ्याने बांधून त्वचेलगत कापतात आणि मुळाकडच्या टोकाला खूण करतात. केस महिन्याला साधारण 1 सेंमी वाढतात. त्यामुळे दिवाळीच्या आसपास घेतलेल्या बटेतील मुळाकडच्या 3 सेंमीत पीक भरण्याचे व काढणीचे महिने येतात, तर त्यापुढच्या 3 सेंमीत पेरणीचे व पावसाच्या ओढीचे. तुकडे आयसोप्रोपेनॉलने धुऊन वाळवतात, बारीक करतात आणि मिथेनॉलमध्ये कॉर्टिसॉल उतरवून घेतात. ते एलायझा चाचणीने किंवा द्रव वर्णलेखन व वस्तुमान वर्णपटमिती यांच्या जोडपद्धतीने मोजतात. उत्तर दर मिलिग्रॅम केसांमागे पिकोग्रॅममध्ये येते.

निष्कर्षांचा अर्थ : टोबियास श्टाल्डर व सहकाऱ्यांनी 2017 मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. दीर्घ ताणाखालील गटांत केसांतील कॉर्टिसॉल सरासरी 22 टक्के अधिक होते. ताण चालू असलेल्यांत ही वाढ 43 टक्के होती. मात्र ‘मला किती ताण आहे’ या प्रश्नाच्या उत्तराशी या आकड्याचा ठाम संबंध दिसला नाही आणि चिंताविकारांत कॉर्टिसॉल उलट कमी आढळले. म्हणून कमी आकडा म्हणजे सुखी माणूस, असा अर्थ काढणे चूक आहे.

मर्यादा : मुळापासून दूरच्या केसांतील कॉर्टिसॉल धुण्याने कमी होत जाते, साधारण 6 सेंमीपलीकडचा भाग भरवशाचा राहत नाही. केसांचा रंग, कडक ऊन, घाम आणि दमा किंवा सांधेदुखीसाठी घेतलेली स्टेरॉइड औषधे यांनीही आकडा बदलतो. दिवसभर रानात राबणाऱ्यांचे नमुने तपासताना या गोष्टींची नोंद आवश्यक ठरते. शिवाय अनेक समाजांत घरातील मृत्यूनंतर मुलगे मुंडन करतात. कर्त्या माणसाचे निधन झालेल्या घरात त्यांच्या केसांतली आधीच्या महिन्यांची नोंद अशा प्रकारे नाहीशी होते.

मराठवाड्याचा संदर्भ : छत्रपती संभाजीनगर हे आठ जिल्ह्यांच्या महसूल विभागाचे मुख्यालय आहे. 1972 च्या दुष्काळाने हा भाग होरपळला. 2015 च्या दुष्काळी वर्षात विभागात एक हजाराहून अधिक शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. पावसाची तूट आणि शेतकऱ्यांमधील कॉर्टिसॉलची वाढ यांचा संबंध केनियातील 2013 च्या एका अभ्यासाने लाळेच्या नमुन्यांवरून दाखवला. दुबार पेरणी, कर्जाचा हप्ता आणि बाजारभावाची पडझड हे सगळे एका हंगामात येते, तेव्हा केसांची पद्धत त्या हंगामाचा शरीरावरचा भार गावपातळीवर मोजू शकते. एकट्यादुकट्याच्या मनातले दुःख मात्र ती सांगू शकत नाही. त्यासाठी घरी जाऊन विचारपूस करावी लागते. आशा सेविकांमार्फत हे काम राज्याच्या आरोग्य विभागाच्या ‘प्रेरणा प्रकल्पा’त केले जाते.

दवाखान्यातील नेहमीच्या निदानासाठी ही चाचणी अजून रूढ नाही. ती मुख्यतः संशोधनाचे साधन आहे. ताण असह्य होत असेल, तर चाचणीची वाट न पाहता ‘टेली-मानस’च्या 14416 या मोफत क्रमांकावर बोलावे.