गिनीपिग शांत का झाले?

मेलबर्नच्या बंडूरा भागात एक मनोरुग्णालय होते. दुसऱ्या महायुद्धानंतर डॉ. जॉन केड तेथे काम करीत. युद्धातील साडेतीन वर्षे त्यांनी सिंगापूरच्या चांगी येथे युद्धकैदी म्हणून काढली होती. रुग्णालयातील वापरात नसलेले एक स्वयंपाकघर हीच त्यांची प्रयोगशाळा.

काही रुग्ण आठवडेच्या आठवडे अतिउत्साहात असतात. झोपत नाहीत, अखंड बोलतात. हेच रुग्ण एरवी खोल उदासीनतेत बुडतात. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी 1899 मध्ये या दोन्ही अवस्था एकाच आजारात मोडतात असे मांडले. आज आपण त्याला द्विध्रुवी विकार म्हणतो.

केड यांचा तर्क असा होता: उन्मादाच्या काळात शरीरात एखादे विषारी द्रव्य वाढत असेल, तर ते लघवीत उतरायला हवे. म्हणून त्यांनी रुग्णांची लघवी गिनीपिगना टोचली. लघवीतील युरियाची विषबाधा युरिक आम्लामुळे वाढते का, हेही त्यांना पाहायचे होते. पण युरिक आम्ल पाण्यात फारसे विरघळत नाही. म्हणून त्यांनी त्याचा सहज विरघळणारा क्षार, लिथियम युरेट, वापरला. विषबाधा वाढण्याऐवजी कमीच झाली! मग त्यांनी नुसते लिथियम कार्बोनेट टोचून पाहिले. एरवी धडपडणारे गिनीपिग उताणे ठेवले तरी शांत पडून राहिले.

केड यांनी लिथियम आधी स्वतः घेऊन पाहिले. 29 मार्च 1948 रोजी ते पहिल्या रुग्णाला दिले. पाच वर्षे उन्मादात असलेला हा 51 वर्षांचा गृहस्थ काही महिन्यांत घरी गेला. दहा उन्मादी रुग्णांचे अनुभव केड यांनी सप्टेंबर 1949 मध्ये प्रसिद्ध केले. मात्र याच पहिल्या रुग्णाचा 1950 मध्ये लिथियमच्या विषबाधेने मृत्यू झाला. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर थोडे असते. म्हणूनच लिथियम घेणाऱ्यांचे रक्त आजही वेळोवेळी तपासतात. डेन्मार्कमध्ये मोगेन्स शौ यांनी 1954 मध्ये नियंत्रित चाचणी प्रसिद्ध केली. अमेरिकेत मान्यता मिळायला 1970 उजाडले.

गंमत अशी, की केड यांचा मूळ तर्क चुकीचा होता. गिनीपिग शांत झाले तेही बहुधा विषबाधेने! लिथियम चेतापेशींच्या आत संदेश पुढे नेणाऱ्या काही विकरांचे काम मंदावते, एवढे आज कळले आहे. पण म्हणून हा आजार लिथियमच्या कमतरतेने होतो असे नाही. गोळीने डोके दुखायचे थांबते, याचा अर्थ शरीरात त्या गोळीची कमतरता होती असा होत नाही!

त्यामुळे या आजाराचे निदान करणारी रक्ताची तपासणी आजही नाही. क्रेपेलिन यांचेच साधन आपल्या हाती आहे: बारकाईने पाहणे आणि नोंदवणे. एकेका रुग्णाचे पत्रक ठेवून त्यांनी दाखवले, की पहिला झटका सर्वाधिक वेळा 15 ते 20 या वयात येतो. म्हणजे आपली नववी ते बारावीची आणि त्यापुढची मुले!

या वयात मनाचे चढउतार सर्वांनाच असतात, आणि बहुतेकांना हा आजार नसतो. मग काय पाहावे? मूल स्वतःच्या नेहमीच्या स्वभावापासून दिवसेंदिवस दूर गेले आहे का? जेमतेम दोन-तीन तास झोपूनही थकत नाही, बोलणे आवरत नाही, अचाट बेत आखते, विनाकारण भडकते? की हुशार मुलगी काही आठवडे गप्प आहे, वही कोरी आहे, मैत्रिणी तुटल्या आहेत? पुष्कळदा आजाराची सुरुवात उदासीनतेनेच होते, आणि आपण तिला ‘आळस’ म्हणून मोकळे होतो.

शिक्षकाने निदान करायचे नाही. काय दिसले आणि कधीपासून, हे तारखेसह लिहून ठेवावे, पालकांना विश्वासात घेऊन सांगावे आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास सुचवावे. मरणाची भाषा कानी आली, तर मात्र एक दिवसही थांबू नये. वर्गासमोर शिक्का मारू नये. आजार लवकर ओळखला, तर मुलाची वर्षे वाचतात, कधीकधी जीवही.