एका पत्रापायी अख्खी पेटी

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांचा ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर. मग खाडीच्या या बाजूला, कोपरखैरण्याला, किती पडला? तिथल्या एका शाळेतल्या मुलांनी विज्ञानाच्या बाईंना हे विचारले, आणि बाईंपाशी उत्तर नव्हते. पुढच्या पावसाळ्यापासून त्यांनी आणि आसपासच्या चार शाळांनी प्लास्टिकच्या बाटल्या कापून पर्जन्यमापके बसवली. मुले रोज सकाळी साडेआठला पाणी मोजत, आणि दर शनिवारी प्रत्येक शाळेतले शिक्षक आठवड्याचे आकडे बाईंना ई-मेलने पाठवत. बाई ते वेगळ्या वहीत उतरवत नसत. त्यांचा इनबॉक्स हीच वही होती.

२०१२ च्या जूनमध्ये बाईंचा आम्हाला फोन आला. "सर, इनबॉक्स कोरा झालाय. सहा पावसाळे गेले."

आम्ही प्रयोगशाळेतले दोघे दुसऱ्याच दिवशी ठाण्याहून लोकलने कोपरखैरण्याला गेलो. हकीकत साधी होती. शाळेच्या संगणकावर त्या आठवड्यात नवा अँटिव्हायरस बसवला होता. त्याने पहिल्याच तपासणीत 'इनबॉक्समध्ये विषाणू सापडला' असे सांगितले, 'दुरुस्त करू का?' विचारले, बाईंनी 'हो' म्हटले. दुरुस्ती काही जमली नाही, तेव्हा त्याने संशयित वस्तू उचलून आपल्या कोठडीत टाकली. ती वस्तू म्हणजे एक पत्र नव्हते. चार हजारांहून अधिक पत्रे असलेला सबंध इनबॉक्स होता. मेल-प्रोग्रॅमला आपली फाईल जागेवर दिसेना, म्हणून त्याने त्याच नावाची नवी, कोरी फाईल तयार केली.

एका पत्रात दोष असताना पेटीच का उचलली गेली? याचे उत्तर त्या अँटिव्हायरसमध्ये शोधून भागत नाही. असे प्रकार वेगवेगळ्या कंपन्यांच्या अँटिव्हायरसने केलेले आहेत. त्यासाठी १९६५ पर्यंत मागे जावे लागते.

त्या साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये अनेकांनी मिळून वापरायचा एक मोठा संगणक होता. टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस या दोघांनी त्यावर 'मेल' नावाची आज्ञा लिहिली. प्रत्येकाच्या खात्यात 'मेल बॉक्स' नावाची एक फाईल असे, आणि कोणी निरोप धाडला की तो त्या फाईलमध्ये जोडला जाई. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप पाठवला आणि पत्त्यात '@' हे चिन्ह घातले, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. त्यांचीही टपालपेटी म्हणजे एक साधी फाईलच होती. वेगळेपण एवढेच, की इतरांना तिच्या शेवटी मजकूर जोडता येई. आधीचा वाचता येत नसे वा पुसता येत नसे. आपल्या दारावरच्या पत्रपेटीचाही हाच गुण. फटीतून पत्र टाकता येते, काढता येत नाही.

युनिक्स प्रणालीने हीच रीत उचलली आणि तिचे 'एमबॉक्स' हे रूप जगभर पसरले. यात पत्रांमध्ये भिंत नसते. नवे पत्र कुठे सुरू झाले हे ओळखायची खूण एकच: ओळीच्या आरंभी इंग्रजी 'फ्रॉम' हा शब्द आणि त्यापुढे मोकळी जागा. मग पत्राच्या मजकुरातलीच एखादी ओळ 'फ्रॉम'ने सुरू झाली तर? संगणक तिलाच नवे पत्र समजेल. म्हणून त्या शब्दाआधी '>' असे चिन्ह लावून ठेवायची पद्धत पडली. जुन्या पत्रांत मध्येच असे चिन्ह दिसले तर ते टंकणाऱ्याची चूक समजू नका. ते या कुंपणाचे खिळे आहेत.

भारतात १९८६ साली 'अर्नेट' प्रकल्प सुरू झाला. त्यात मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था अशी आठ ठिकाणे होती, आणि आपल्या संशोधकांना ई-मेल मिळाली ती या वाटेने. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सर्वांसाठी खुले केले. तोवर पत्रे लहान होती, डिस्क महाग होत्या आणि एक फाईल सांभाळणे शंभर फायली सांभाळण्यापेक्षा सोपे होते. म्हणजे तेव्हा ही रीत शहाणपणाचीच होती, एवढे श्रेय तिला द्यायला हवे.

आता दुसरा धागा. अर्नेट सुरू झाले त्याच १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा विषाणू फ्लॉपीवरून फिरू लागला. जून १९९० मध्ये भारतात एक विषाणू सापडला. त्याचे नाव चक्क 'जोशी'! दर वर्षी ५ जानेवारीला तो संगणक अडवून धरी आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असे टंकायला लावी. टंकले की संगणक पुन्हा चालू. हे जोशी कोण, याचा उलगडा आजवर झालेला नाही. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणकांकडे वळलेले कैलास काटकर आणि विषाणूंवर उतारा लिहिणारे त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी त्याच दशकाच्या मध्यास 'क्विक हील' बाजारात आणले, तेही अशाच फ्लॉपी-विषाणूंच्या उपद्रवातून.

या काळातले विषाणू डिस्कच्या आरंभीच्या भागात नाही तर एखाद्या प्रोग्रॅमच्या फाईलमध्ये दडत. साहजिकच उताऱ्याचे एककही तेच ठरले: फाईल तपासा, खूण जुळली तर साफ करा, साफ होत नसेल तर फाईल बाजूला काढा. प्रोग्रॅमच्या बाबतीत हे योग्यच होते. बिघडलेला प्रोग्रॅम फेकून नवा बसवता येतो.

१९९२ च्या जूनमध्ये 'माइम' हे प्रमाण आले आणि पत्राला चित्र, ध्वनी, प्रोग्रॅम असे काहीही जोडता येऊ लागले. ई-मेलची वाट मात्र अजून फक्त साध्या इंग्रजी अक्षरांचीच होती. म्हणून जोडलेली फाईल अक्षरांत रूपांतरित करतात. तीन बाइट म्हणजे २४ बिट. त्यांचे सहा-सहाचे चार गट करायचे. सहा बिटांतून ६४ वेगळ्या संख्या निघतात, आणि प्रत्येकीला एक अक्षर, अंक किंवा चिन्ह नेमून दिलेले असते. तीनाचे चार होतात, म्हणून तीन मेगाबाइटचे छायाचित्र पत्रात चार मेगाबाइटहून थोडे जास्तच भरते. द्विमान पद्धत शिकलेल्या वर्गाला हा फळ्यावरचा चांगला खेळ आहे.

आमच्या गोष्टीत याचे महत्त्व असे, की इनबॉक्सच्या फाईलमधला विषाणू हा अशा अक्षरांचा नुसता ढिगारा असतो. कोणी ते जोडपत्र उघडून चालवीपर्यंत तो काही करू शकत नाही. पण मार्च १९९९ मधला 'मेलिसा' आणि मे २००० मधला 'आय लव्ह यू' हे दोन्ही ई-मेलवर स्वार होऊन काही दिवसांत जगभर पोचले, आणि त्यानंतर अँटिव्हायरसने ही अक्षरे उलगडून आत पाहायला सुरुवात केली. दृष्टी पत्राच्या आत पोचली, हात मात्र फाईलवरच राहिला. १९६५ ची एक-फाईल-पेटी आणि १९८० च्या दशकातले फाईल-एकक यांची कोपरखैरण्याच्या शाळेत गाठ पडली ती अशी.

अँटिव्हायरसच्या नोंदीत दोषी पत्राचा विषय दिसत होता. तो वाचून बाई म्हणाल्या, "पण हे तर मी २००९ लाच खोडलं होतं! कचरापेटीसुद्धा रिकामी केली होती." त्यांचे म्हणणे खरे होते. पण एमबॉक्स फाईलच्या मधला तुकडा काढायचा तर पुढचे सारे पुन्हा लिहावे लागते. म्हणून मेल-प्रोग्रॅम पत्रावर 'खोडले' अशी खूण फक्त करतो. पत्र यादीतून जाते, फाईलमध्ये तसेच राहते. फोल्डर 'कॉम्पॅक्ट' करण्याची आज्ञा दिली तरच ते खरोखर जाते. ती आज्ञा इथे कोणी कधी दिलेली नव्हती.

आम्ही प्रथम संगणकाची नेटची वायर काढली आणि नवी कोरी इनबॉक्स फाईल दुसऱ्या नावाने ठेवली, कारण तिच्यातही दोन दिवसांची पत्रे येऊन पडली होती. मग मेल-प्रोग्रॅमचे फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून तात्पुरते वगळले. हे आधी केले नसते तर परत आणलेली फाईल त्याने पुन्हा उचलली असती. त्यानंतर कोठडीच्या यादीतून 'परत ठेवा'. घाईने 'कोठडी रिकामी करा' दाबणारे आम्ही पाहिले आहेत. बाईंनी ते केले नव्हते, म्हणून पुढचे सगळे शक्य झाले.

१.३ गिगाबाइटची फाईल परत आली. तिच्या दोन प्रती घेतल्या. एक प्रत लिनक्स असलेल्या संगणकावर नेऊन दहा-बारा ओळींच्या प्रोग्रॅमने 'फ्रॉम'च्या खुणेवर कापली आणि पत्रागणिक एक फाईल केली. दोषी पत्र वेगळे काढले, बाकीची पुन्हा जोडली. मेल-प्रोग्रॅमची जुनी सूची-फाईल काढून टाकली. ती ग्रंथालयातल्या नोंदवहीसारखी असते, पुस्तके जागेवर असली की नवी करता येते. संध्याकाळपर्यंत पाचही शाळांचे आकडे पडद्यावर होते.

पत्रागणिक फाईल ठेवायची कल्पना काही आमची नव्हे. डॅनियल बर्नस्टाईन यांनी १९९० च्या दशकातच 'मेलडिर' या नावाने ती मांडली होती. थंडरबर्डमध्येही आता तो पर्याय आहे. त्यात अँटिव्हायरसने काही उचलले तर एकच पत्र जाते. शिवाय आज बहुतेकांची पत्रे सर्व्हरवर राहतात, म्हणून असा अपघात पूर्वीइतका घात करत नाही. पण ज्या शाळा-कचेऱ्यांत जुनी पत्रे एकाच संगणकावर उतरवून ठेवली आहेत, तिथे ही पेटी अजून १९६५ चीच असू शकते. तिची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ठेवायला पाच मिनिटे लागतात.

कापलेल्या पत्रांत आणखी एक गोष्ट निघाली. ऑगस्ट २००८ मधल्या दोन आठवड्यांचे एका शाळेचे आकडे बाईंकडून चुकून खोडले गेले होते, आणि त्यांच्या आलेखात तिथे चार वर्षे मोकळी जागा होती. 'खोडले' अशी खूण असलेली ती दोन्ही पत्रे फाईलमध्ये जशीच्या तशी होती. बाईंनी पेन्सिल घेतली आणि चौदा ठिपके भरले.