दप्तराची राखण

संगणकावर नोंदी ठेवणाऱ्यास आज तीन प्रश्न पडतात. लिहिण्याचा अधिकार कोणास, दुसरी प्रत कोठे, आणि मूळ नष्ट झाल्यास ते पुन्हा कसे उभे करावे? हे प्रश्न आपल्या पूर्वजांसही पडले होते.

शिवकालीन पत्रात मजकूर संपताच मोर्तबाचा शिक्का उठे. त्यापुढे कोणास अक्षर घुसडता येत नसे. दप्तरी नोंद झाल्याची खूण म्हणून पत्रावर ‘बार’ असा शेरा पडे. गावचा हिशेब कुळकर्ण्याकडे, तर परगण्याचा देशपांड्याकडे असे. एक कागद बुडाला तरी दुसरा साक्षीस उभा राही.

पुढे १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला. १८१८ मध्ये गडावरील वाडे आगीत जळाले. छत्रपतींचे मूळ दप्तर आज उपलब्ध नाही. पण सनदा व पत्रे ज्यांना मिळाली होती, त्यांच्या घरी ती रुमालांत बांधून राहिली होती. असेच घरोघरचे कागद मिळवून राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ याचा पहिला खंड काढला आणि बुडालेला इतिहास पुन्हा उभा राहू लागला.

मात्र प्रत असणे पुरेसे नाही. आमच्या हदगावकडील निजामी अमलातले महसुली कागद उर्दूत, जुने मराठी कागद मोडीत. वाचणारे विरळ झाले आहेत. आता सातबाराही संगणकावर गेला आहे. त्याची प्रत दूर ठेवावीच. पण ती उघडून वाचता येते की नाही, हेही संकटापूर्वी पाहावे. शेतकऱ्याचे शेत त्या एका नोंदीवर उभे असते.