गोव्याहून निघालेला गेंडा आणि जर्मन ठसा

1515 च्या जानेवारीत गोव्याहून लिस्बनच्या वाटेला लागलेल्या एका पोर्तुगीज जहाजावर गेंडा होता. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशाह याने तो पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्कला नजर केला होता आणि अल्बुकर्कने तो आपल्या राजाकडे धाडला. मे महिन्यात जनावर लिस्बनला उतरले. त्याचे वर्णन करणारे पत्र आणि एक रेखाटन जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरी चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररच्या हाती पडले आणि तेवढ्यावरून त्याने चित्र केले. प्रत्यक्ष गेंडा त्याने कधीच पाहिला नाही. त्यामुळे चित्रातल्या गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे आले, खांद्यावर एक जादा शिंग उगवले. तरी लाकडी ठोकळ्यावरून छापलेला हा गेंडा युरोपने पुढे दोन शतकांहून अधिक काळ खरा मानला. ड्यूररच्या मृत्यूनंतरही तो ठोकळा छापखान्यात राबत होता. नंतरच्या प्रतींत लाकडाला गेलेला तडाही उमटला आहे.

लाकडात कोरून छापण्याच्या या कामाची, म्हणजे वुडकटची, रीत सांगायला सोपी आहे. जे छापायचे ते उंच ठेवायचे आणि बाकीचे लाकूड खणून काढायचे. हाताला मात्र ती सहज वळत नाही, कारण काळी रेषा काढायची तर तिच्या दोन्ही बाजूंचे लाकूड उतरवावे लागते. शिवाय चित्र उलटे उमटते. म्हणूनच ड्यूररच्या न्यूरेंबर्गमध्ये चित्रकार सहसा ठोकळ्यावर रेखाटन करी आणि कोरण्याचे काम पोटापाण्यासाठी तेच करणाऱ्या कारागिराकडे जाई. हिरोनिमस आंद्रेए हा त्यांतला नामवंत. सम्राट माक्सिमिलियानची कागदी विजयकमान त्याच्या कारखान्यात कोरली गेली. तिला 190 हून अधिक ठोकळे लागले आणि सगळे कागद जोडल्यावर तिची उंची तीन मीटरच्या वर गेली. कारखान्यातल्या बाकीच्या हातांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, आणि ती बोटे किती तयार असतील हे त्या कमानीवरचे बारकावे पाहताना जाणवत राहते.

रंग आला तो याच काळात. ऑग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायरने आणि त्याच्यासाठी कोरणाऱ्या योस्ट द नेगकरने 1510 च्या सुमारास एकाच चित्रासाठी छटेगणिक वेगळा ठोकळा वापरला. प्रत्येक ठोकळा कागदावर नेमक्या जागी बसवणे ही यातली खरी परीक्षा. आजही शिकाऊ माणूस इथेच अडतो.

पुढे तांब्याच्या पत्र्यावरच्या कोरीवकामाने जोर धरला, मग लिथोग्राफी आली आणि लाकूड मागे पडले. एकोणिसाव्या शतकात ते टिकले ते मुख्यतः पुस्तकांत आणि सचित्र नियतकालिकांत. तिथेही कोरणारा दुसऱ्याचे चित्र कोरत असे आणि फोटोवरून थेट छपाई होऊ लागल्यावर तो धंदाही बसला. नव्या शतकात लाकूड पुन्हा उचलले ते चित्रकला फारशी रीतसर न शिकलेल्या पोरांनी.

7 जून 1905 रोजी ड्रेस्डेनमध्ये चार तरुणांनी एक गट काढला आणि त्याला ‘डी ब्रुके’, म्हणजे पूल, हे नाव दिले. एर्न्स्ट लुडविग किर्शनर, एरिख हेकेल, कार्ल श्मिट-रोटलुफ आणि फ्रिट्झ ब्लाइल हे चौघेही वास्तुशास्त्राचे विद्यार्थी. न्यूरेंबर्गचे जुने छाप पाहून आपण वुडकटकडे वळलो, असे किर्शनरने 1913 च्या गटवृत्तांतात नोंदवले आहे. पण जुन्या कारखान्यातली कामाची वाटणी त्यांनी मोडून टाकली. रेखाटन, कोरणे, शाई लावणे, छापणे सगळे स्वतःच. पटाशी घसरली, लाकडाचा ढलपा निघाला, तर ती खूण तशीच छापायची. 1906 साली किर्शनरने गटाचा जाहीरनामाही लाकडात कोरला, अक्षरन् अक्षर उलटे. वर्षाला 12 मार्क भरणाऱ्या हितचिंतकांना दरवर्षी मूळ छापांचा एक संच मिळे. हेकेलने 1910 मध्ये ‘फ्रेन्झी’ या चित्रासाठी ठोकळा करवतीने कापला, तुकड्यांना वेगवेगळी शाई लावली आणि ते पुन्हा जुळवून छापले. ही युक्ती नॉर्वेच्या एडवर्ड मुंकने आधीच वापरली होती.

एव्हाना लाकडाला एक स्वस्त सोबती मिळाला होता. इंग्रज फ्रेडरिक वॉल्टनने जवसाचे तेल, राळ आणि बुचाची भुकटी तागाच्या कापडावर थापून जमिनीसाठी लिनोलियम तयार केले. जर्मनीत 1880 च्या दशकापासून डेल्मेनहोर्स्टला त्याचे कारखाने उभे राहिले. लिनोलियमला लाकडासारख्या रेषा नसतात, त्यामुळे कोरणी कोणत्याही दिशेने सारखी चालते. थंडीत ते कडक होते तेव्हा जरा ऊब दिली की नरम पडते. चित्रकार गाब्रिएले म्युंटरने पॅरिसच्या मुक्कामात, 1906 मध्ये, चित्रकार कँडिन्स्कीचे व्यक्तिचित्र रंगीत लिनोकटमध्ये केले, ते आजही ताजे वाटते.

या इतिहासातली सगळ्यात हृद्य शिकाऊ म्हणजे केटे कोलविट्झ. 1919 साली ती प्रशियन कला अकादमीवर निवडली गेली. एचिंग आणि लिथोग्राफीत तिचा हात तयार होता. धाकटा मुलगा पेटर ऑक्टोबर 1914 मध्ये युद्धात मारला गेला होता आणि ते दुःख कोणत्या माध्यमात मांडावे हे तिला वर्षानुवर्षे सापडत नव्हते. 1920 मध्ये तिने शिल्पकार अर्न्स्ट बारलाखचे वुडकट पाहिले आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी पटाशी हाती घेतली. 1921-22 मध्ये ‘युद्ध’ ही सात छापांची मालिका पुरी झाली. ‘आईबाप’ या छापात दोन देह एकमेकांत कोसळले आहेत. तिथे नाजूक रेषेला जागाच नाही. एचिंगमध्ये हे झाले नसते, असे ते पाहताना पटते. तिचा प्रभाव दूरवर पोचला: 1931 साली चिनी लेखक लू शुनने शांघायमध्ये वुडकटचा वर्ग भरवला, तिची चित्रे चीनमध्ये छापली. बंगालच्या दुष्काळाची चित्रे काढून मुंबईत आलेल्या आणि अंधेरीत राहिलेल्या चित्तप्रसादच्या लिनोकटमधली भुकेली मुले पाहिली की ही सगळी एकाच घराण्यातली माणसे वाटतात.

एकाच ठोकळ्यावरून सगळे रंग छापण्याची, म्हणजे रिडक्शनची, पद्धत गाजली ती फ्रान्समध्ये, पण तिच्या मागेही एक जर्मन चित्र आहे. विटेनबर्गच्या धाकट्या क्रानाखने रंगवलेल्या एका स्त्रीचे पोस्टकार्ड मानहाइममध्ये जन्मलेल्या कलाव्यापारी कानवाइलरने पिकासोला पाठवले. 1958 मध्ये पिकासोने त्यावरून रंगागणिक वेगळे लिनो कोरले. ते जुळवताना जीव मेटाकुटीला आला. पुढच्या वर्षी व्हालोरीसचा मुद्रक हिदाल्गो आर्नेरा याच्यासोबत तो एकाच ठोकळ्यावर काम करू लागला. आधी सर्वांत फिका रंग सगळ्या कागदांवर छापायचा. मग जिथे तो रंग राखायचा तेवढा भाग कोरून काढायचा, त्यावर पुढचा गडद रंग, पुन्हा कोरणे. शेवटी ठोकळ्यावर फक्त शेवटच्या रंगापुरता भाग उरतो. प्रती वाढवायच्या तर ठोकळाच नसतो, म्हणून शिकणाऱ्याने पहिल्याच रंगाला चार कागद जास्त छापून ठेवावेत.

एके काळी लिनोलियमचा मोठा कारखाना असलेल्या दक्षिण जर्मनीतल्या बीटिगहाइम गावाने 1989 पासून केवळ लिनोकटसाठी पुरस्कार सुरू केला. दर तीन वर्षांनी नगरपालिकेच्या कलादालनात निवडक कामांचे प्रदर्शन भरते. आणि दक्षिण जर्मनीतल्याच रॉयटलिंगेनचे संग्रहालय चित्रकार ग्रीसहाबरच्या भल्यामोठ्या वुडकटसाठी ओळखले जाते. तरुणपणी तो छापखान्यात अक्षरजुळणी शिकला होता.