मूळपीठाच्या अर्ध्या वाटेवर

आमचे आजोबा माणदेशातले. औंधच्या हायस्कुलात शिकायला ते डोक्यावर वळकटी घेऊन पायी आले होते. पुढं आयुष्यभर "आमचे महाराज" हे दोन शब्द त्यांच्या तोंडी राहिले. महाराज म्हणजे औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. संस्थान अवघं ७२ गावांचं. उत्पन्न बेताचं आणि पाऊस त्याहून बेताचा.

आजोबांच्या गोष्टी पहाटेच्या सूर्यनमस्कारांपासून सुरू व्हायच्या. बाळासाहेब स्वतः रोज नमस्कार घालत आणि शाळेतल्या पोरांकडूनही घालून घेत. आजोबा ऐंशीव्या वर्षीसुद्धा अंगणात घोंगडी टाकून बारा नमस्कार घालत. मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून.

दुसरी गोष्ट कीर्तनाची. राजा कीर्तनाला उभा राहायचा आणि रयत मांडी घालून ऐकायची. आजोबा सांगत, "गादीवरचा माणूस आमच्यासमोर उभा आणि आम्ही बसलेले, याचं तेव्हा काही वाटलं नाही रे, मोठेपणी वाटलं." याच राजानं रामायणातले प्रसंग स्वतःच्या हातानं रंगवले आणि १९१६ साली 'चित्ररामायण' छापून काढलं.

गरिबाच्या पोराला औंधात शिकता येतं, ही बातमी पार कोकणात पोचली होती. पालगडचे पांडुरंग साने, म्हणजे आपले साने गुरुजी, त्याच आशेनं इथं आले. प्लेगामुळं त्यांना औंध सोडावं लागलं. माणदेशातले ग. दि. माडगूळकर इथंच शिकले. पुढं १९३९ साली संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत झाली. कैद्यांना तिथं भिंतीवाचून, विश्वासावर ठेवलं जाई. त्याच प्रयोगावरचा 'दो आँखे बारह हाथ' १९५७ साली पडद्यावर आला, तो माडगूळकरांच्या लेखणीतून. औंधात शिकलेल्या पोरानं औंधची गोष्ट देशभर नेली, याचा आजोबांना घरच्यासारखा अभिमान होता.

पण ते खरे खुलायचे संग्रहालयाची गोष्ट निघाली की. यमाईच्या मूळपीठाचा डोंगर चढताना अर्ध्या वाटेवर श्रीभवानी संग्रहालय आहे. बाळासाहेबांनी आयुष्यभर जमवलेला ठेवा १९३८ साली तिथं मांडला गेला. मुंबई-पुण्यात नाही; देवीच्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाच्या वाटेवर. माझ्या मते बाळासाहेबांचं सगळ्यात मोठं शहाणपण या जागेच्या निवडीत आहे. नवस फेडायला आलेली बाई कडेवर पोर घेऊन रविवर्म्याच्या चित्रापुढं उभी राहू शकते, अशी जागा त्यांनी शोधली.

मी दहा वर्षांचा असताना आजोबांनी मला तिथं नेलं. उन्हातून आत गेल्यावर आधी गारवा जाणवला, मग उजेड. वरून येणारा तो उजेड चित्रांवर अलगद उतरत होता. डोळे दिपत नव्हते, सावलीही पडत नव्हती. आजोबा म्हणाले, "दिव्याचं तेल वाचवायला केलंय असं आम्हाला वाटायचं. ते चित्रं जपायला होतं." मग त्यांनी मला एका लहानशा लघुचित्रापुढं उभं केलं. "पळू नकोस. एकच बघ." मी बघत राहिलो. आधी नुसती झाडं आणि माणसं दिसली. थोड्या वेळानं एका बाईच्या ओढणीची किनार दिसली, एका केसानं ओढल्यासारखी बारीक, आणि त्या ओढणीतून पलीकडचा हात. आजोबा म्हणाले, "आता दिसायला लागलं तुला." पुढं हेन्री मूरची दगडातली आई आणि मूल पाहिलं. ते जगातल्या केवढ्या मोठ्या शिल्पकाराचं काम आहे, हे कळायला मला पुढची वीस वर्षं लागली.

चित्रांसारखंच गाणंही औंधात साध्या माणसाच्या वाटेवर आलं. दरबारगायक अंतूबुवा जोशी यांनी गुरूच्या स्मरणार्थ १९४० साली सुरू केलेला संगीतोत्सव आजही आश्विनात भरतो. खटाव तालुक्यातला शेतकरी तिथं बसून ख्याल ऐकतो आणि समेवर मान हलवतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

१९४८ साली संस्थान विलीन झालं आणि १९५१ साली बाळासाहेब गेले. संग्रहालय आज राज्य शासनाकडं आहे. मागच्या वेळी गेलो तेव्हा दालनात आम्ही तिघंच होतो. खाली बसथांब्यावर मात्र सहलीच्या दोन गाड्या उभ्या होत्या. पोरं देवीला जाऊन, भेळ खाऊन परत निघाली होती.

शिक्षकांना हात जोडून सांगणं आहे. सातारा-सांगलीकडं सहल काढाल तेव्हा औंधला दोन तास ठेवा. पोरांना सगळी दालनं पळवत दाखवू नका. एका चित्रापुढं दहा मिनिटं बसवा.